गारवा देणारी चकती : भारवाहकांची असमान वाटणी आणि थंडाव्याचे गणित

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की कृषिविद्येचा प्राध्यापक खते, वाण आणि आंतरपिके सोडून पदार्थविज्ञानाकडे कुठे वळला? कारण साधे आहे. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात अशा छोट्या थंड पेट्या आता सर्वत्र विक्रीला आहेत. कोणी त्या कोंबड्यांच्या लसीसाठी घेतो, कोणी दुधासाठी, तर कोणी भाजीपाल्यासाठी. एकाच्या पेटीत लस नीट राहते, दुसऱ्याची तशीच दिसणारी पेटी भर दुपारी हात टेकते. लस बिघडली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मानमोडी आल्यावर खुराडे रिकामे होते तेव्हाच ते कळते. म्हणून या पेटीच्या पोटात काय आहे आणि ते कुठे कमी पडते, हे समजून घेतलेले बरे.

थंडावा येतो कसा?

या पेटीत साधारण चार सेंटिमीटर लांब-रुंद अशी एक पातळ पांढरी चकती असते. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. तारा उलट जोडल्या की गार बाजू गरम आणि गरम बाजू गार होते. हा शोध नवा नाही. १८२१ साली जर्मनीत सीबेक यांना दोन धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक ठेवल्यास विद्युत परिणाम होतो असे आढळले. १८३४ साली फ्रान्सचे पेल्टिए यांनी याची उलट बाजू दाखविली. सांध्यातून वीज सोडली तर तेथे उष्णता शोषली जाते किंवा बाहेर पडते. पेल्टिए हे मूळचे घड्याळाच्या व्यवसायातले गृहस्थ. पुढे १८३८ साली लेंझ यांनी बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो गोठवून दाखविला आणि प्रवाह उलटा करून तोच थेंब पुन्हा वितळविला.

तरीही शंभरावर वर्षे हे प्रयोगशाळेतले कौतुकच राहिले. धातूंमध्ये हा परिणाम फार दुबळा असतो. अर्धवाहक पदार्थ हाती आल्यावर चित्र पालटले. रशियात योफे यांनी त्याचा पाया घातला आणि १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड व डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरून खोलीच्या तापमानावरून शून्य अंशापर्यंत थंडावा मिळवून दाखविला. आज बाजारात मिळणाऱ्या चकत्या त्याच घराण्यातल्या आहेत.

नेहमीच्या चकतीत या पदार्थाचे १२७ जोड, म्हणजे २५४ बारीक खांब असतात. प्रत्येक खांब जेमतेम दीड मिलिमीटरचा. निम्म्या खांबांत वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात. उरलेल्या निम्म्यांत ते काम इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा करतात, त्यांना ‘होल’ म्हणतात. या दोघांना मिळून आपण भारवाहक म्हणू. बाजाराला निघालेला हमाल जाताना डोक्यावर पाटी घेऊन जातो, तसे हे भारवाहक गार बाजूची उष्णता उचलतात आणि गरम बाजूला नेऊन टाकतात. थंडावा म्हणजे एवढेच.

हमाल किती असावेत?

प्रत्येक हमाल किती ओझे नेतो, त्याला सीबेक गुणांक म्हणतात. तांब्यात भारवाहकांची गर्दी असते, पण प्रत्येकाच्या डोक्यावर ओझे नाममात्र. तांब्याचा गुणांक एका अंशाला दोन मायक्रोव्होल्टच्या आसपास, तर बिस्मथ टेल्युराइडचा दोनशेच्या आसपास आहे. भारवाहक कमी केले की प्रत्येकाचे ओझे वाढते, पण हमालच थोडे असल्याने विजेला वाट अवघड होते आणि खांब स्वतःच तापू लागतो. भारवाहक वाढविले की वाट सोपी होते, पण ओझे घटते. म्हणून मधला एक बिंदू सर्वांत फायद्याचा ठरतो. बिस्मथ टेल्युराइडसाठी तो दर घन सेंटिमीटरला एकावर एकोणीस शून्ये एवढ्या संख्येच्या आसपास येतो. आकडा मोठा वाटतो, पण अणूंच्या मानाने पाहिले तर हजार ते तीन हजार अणूंमागे एक भारवाहक, इतकेच.

हे आपल्याला नवे नाही. नत्राची मात्रा आणि उत्पादन यांचा आलेख आपण पाहिलेला आहे. मात्रा वाढवीत गेले की उत्पादन चढते, एका जागी थांबते आणि नंतर पीक लोळून उतरू लागते. भारवाहकांचा आलेख असाच टेकडीसारखा आहे.

सरासरी बरोबर, पण वाटणी चुकली तर?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एका एकराला शिफारशीप्रमाणे युरिया दिला, पण अर्ध्या रानात दुप्पट पडला आणि उरलेल्या रानाला फारच थोडा मिळाला. पोती तेवढीच लागली, खर्च तेवढाच झाला. उत्पादन तेवढेच येईल का? येणार नाही. एकीकडे पीक लोळेल, दुसरीकडे पिवळे पडेल. टेकडीच्या माथ्यावरून डावीकडे सरका की उजवीकडे, दोन्हीकडे उतारच आहे.

खांबात नेमके हेच घडते. साध्या गणिती नमुन्यात हिशेब करून पाहू. खांबाच्या एका अर्ध्या भागात भारवाहक योग्य संख्येच्या दुप्पट आहेत आणि दुसऱ्या अर्ध्यात निम्मे आहेत असे धरा. उष्णतावहन सगळीकडे सारखे माना. दुप्पट असलेला भाग स्वतंत्रपणे पाहिला तर त्याची गुणवत्ता सुमारे १५ टक्के कमी भरते, निम्म्याची सुमारे ९ टक्के कमी. मग दोन्ही मिळून तोटा १२ टक्क्यांच्या आसपास असावा असे वाटेल. प्रत्यक्षात तो जास्त होतो, आणि किती होतो हे भाग कसे मांडलेले आहेत यावर ठरते.

पहिली मांडणी एकामागून एक. कमी-जास्त भारवाहकांचे थर प्रवाहाच्या वाटेत एकावर एक मिसळून आले, तर सगळा प्रवाह कमी भारवाहकांच्या अडचणीच्या थरांतूनही जावा लागतो. रोध सव्वापट होतो आणि गुणवत्ता २० टक्के घटते. ठिबकची नळी मधेमधे चेपलेली असावी तसे हे आहे.

दुसरी मांडणी शेजारी-शेजारी. एकाच खांबाची डावी बाजू एका प्रकारची, उजवी दुसऱ्या प्रकारची. येथे वेगळेच दुखणे उद्भवते. दोन्ही बाजूंना तापमानाचा फरक तोच, पण सीबेक गुणांक वेगळे, त्यामुळे निर्माण होणारा दाबही वेगळा. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या, एक भरलेली आणि एक उतरलेली, शेजारी जोडल्या तर काय होते ते तुम्ही पाहिले असेल. भरलेली बॅटरी उतरलेलीत रिकामी होऊ लागते, बाहेर काही काम न होता वीज आतल्या आत फिरते. खांबातही असा फिरता प्रवाह सुरू होतो. गुणवत्ता सुमारे २२ टक्के उतरते. शिवाय हा फिरता प्रवाह गरम बाजूची उष्णता गार बाजूकडे परत आणतो, तो तोटा आणखी वेगळा.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारखान्यात संपूर्ण खांबाचा रोध मोजला किंवा संपूर्ण खांबाचा सीबेक गुणांक मोजला तर सरासरी आकडा मिळतो. वरच्या पहिल्या मांडणीत सीबेक गुणांकाची सरासरी अगदी योग्य तेवढीच भरते. माल उत्तम वाटतो, पण आतली वाटणी बिघडलेली असते. मातीचा एकच नमुना घेऊन साऱ्या रानाला खत ठरविण्यासारखे हे झाले.

वीस टक्क्यांची घट लहान का नाही?

कोणी म्हणेल, वीस टक्के गेले तर पेटी वीस टक्के कमी गार होईल, बिघडले कुठे? तसे होत नाही.

दहा लिटरची पेटी घेऊ. भिंतीत पाच सेंटिमीटर चांगला फोम आहे. बाहेर ४० अंश, आत ५ अंश ठेवायचे आहेत. भिंतींतून सुमारे ८ वॅट उष्णता सतत आत झिरपते, तेवढी तरी उचललीच पाहिजे. चकतीची गरम बाजू बाहेरच्या हवेपेक्षा १० अंश जास्त, म्हणजे ५० अंशांवर, आणि गार बाजू शून्याच्या आसपास चालते असे धरू. चांगल्या चकतीला या फरकावर एक वॅट वीज दिली तर ती सुमारे ०.३७ वॅट उष्णता उचलते. म्हणजे ८ वॅटसाठी २२ वॅट वीज लागली. आता गुणवत्ता २० टक्के कमी केली तर हाच आकडा ०.२४ च्या खाली येतो आणि वीज लागते ३४ वॅट. गुणवत्तेत पाचव्या हिश्श्याची घट आणि विजेच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाढ!

असे का होते? चकती जेवढ्या कमाल फरकापर्यंत जाऊ शकते त्याच्या जवळ तिला चालविले, तर तिची बहुतेक ताकद स्वतःची उष्णता निस्तरण्यातच जाते. घाट चढणाऱ्या बैलासारखे आहे. सपाटीवर थोडा अशक्त बैलही गाडी ओढतो, चढावर मात्र तो थोडा अशक्तपणाच नडतो. थंडीत, सावलीत दोन्ही पेट्या सारख्याच वाटतील. वैशाखातल्या दुपारी फरक कळेल, आणि लसीला गरज असते ती नेमकी तेव्हाच.

बॅटरीचा हिशेबही करा. १२ व्होल्ट, ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवावी, म्हणजे ३६० वॅट-तास हाती येतात. पंख्याचे ३ वॅट धरून चांगली चकती सुमारे १४ तास चालेल, वाटणी बिघडलेली चकती पावणेदहा तास. रात्री आठला वीज गेली तर पहिली पेटी सकाळी दहापर्यंत तग धरेल. दुसरी पहाटे सहाच्या आतच थांबेल.

ही असमानता येते कोठून?

पहिले कारण स्फटिक तयार होतानाच. वितळलेला पदार्थ एका टोकाकडून गोठत जातो तेव्हा मिसळलेली अशुद्धी सगळीकडे सारखी अडकत नाही. आधी गोठलेल्या भागात एक प्रमाण, शेवटी गोठलेल्यात दुसरे. गुळाच्या ढेपेचा वरचा आणि खालचा भाग जसा एकसारखा निघत नाही, तसेच. म्हणून चांगला उत्पादक कांडीची दोन्ही टोके काढून टाकतो.

दुसरे कारण म्हणजे टेल्युरियम उडून जाणे. तापविताना आणि दाबून सांधताना ते थोडे उडते, पृष्ठभागाशी अधिक. तेवढ्याने अणूंची मांडणी बिघडते आणि भारवाहकांची संख्या बदलते. भुकटी दळतानाही असेच दोष निर्माण होतात.

तिसरे कारण वापरातले, आणि ते आपल्या हातात आहे. खांबांच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या डाख देऊन जोडलेल्या असतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये तांबे फार लवकर शिरते. ते अडविण्यासाठी मध्ये निकेलचा पातळ थर देतात. चकती वारंवार जास्त तापली की हा अडसर दुबळा होतो, तांबे आत झिरपते आणि टोकाशी भारवाहकांचे प्रमाण बदलते. पंखा बंद ठेवून किंवा धूळ भरलेल्या जाळीने पेटी चालविणे म्हणजे हा रोग ओढवून घेणे होय. सगळे खांब विजेच्या दृष्टीने एकामागून एक जोडलेले असल्याने एक सांधा तुटला तरी सगळी चकती बंद पडते.

मुद्दाम केलेली असमानता मात्र फायद्याची

येथपर्यंत ऐकून असमानता म्हणजे केवळ दोष असे वाटेल, पण तसे नाही. नत्र सगळे पेरणीलाच न देता हप्त्याहप्त्याने देतो तेव्हा तीही असमान वाटणीच असते. पण पिकाची गरज पाहून केलेली.

खांबाच्या गार टोकाला भारवाहक जास्त ठेवले आणि गरम टोकाकडे क्रमाने कमी करत नेले, तर सीबेक गुणांक गार टोकाकडून गरम टोकाकडे वाढत जातो. म्हणजे वाटेत प्रत्येक टप्प्यावर हमालाच्या पाटीत थोडी जागा होते. खांबात विजेमुळे जी उष्णता निर्माण होते ती तेथल्या तेथे उचलली जाते, गार टोकाकडे परत येत नाही. एकाच सांध्यावर होणारे थंड करण्याचे काम साऱ्या खांबभर वाटले जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ विद्यापीठात बियान आणि शकौरी यांनी २००६ साली गणिताने दाखविले, की अशा चढत्या-उतरत्या खांबाने एकसारख्या खांबाच्या कमाल थंडाव्याची मर्यादा ओलांडता येते. २०१२ साली स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार पुढे नेला.

पण दिशा चुकली की सगळे उलटते. भारवाहक गरम टोकाला जास्त ठेवले तर वाटेत उष्णता उचलली जाण्याऐवजी बाहेर पडते आणि थंडावा घटतो. गंमत अशी की उष्णतेपासून वीज करायची असेल तर गरम टोकालाच जास्त भारवाहक ठेवणे सोयीचे पडते, कारण तापमान वाढले की योग्य मात्राही वाढते. तोच खांब, तीच असमानता, पण कामाप्रमाणे न्याय वेगळा. बाजारातल्या नेहमीच्या चकत्यांचे खांब मात्र एकसारखेच करण्याचा प्रयत्न असतो. तेव्हा पेटी विकणाऱ्याने ‘खास चढत्या मात्रेची चकती’ असे सांगितले तर प्रत्यक्ष चालवून पाहिल्याखेरीज विश्वास ठेवू नये.

खरेदी करताना

चकतीवर ५०-६० वॅट आणि ६५-७० अंश असे दोन आकडे सांगितले जातात. दोन्ही खरे असतात, पण एकाच वेळी मिळत नाहीत. आपल्या पाण्याच्या पंपासारखेच हे आहे. सर्वांत जास्त पाणी मिळते ते उंची शून्य असताना, आणि सर्वांत जास्त उंची गाठते तेव्हा पाणी शून्य असते. चकतीचे ६० वॅट हे दोन बाजूंत फरक नसतानाचे, आणि ७० अंश हे काहीच उष्णता उचलत नसतानाचे. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : बाहेर ४० अंश असताना आत ५ अंश किती वॅटमध्ये राहतात?

त्याहून चांगले म्हणजे स्वतः परीक्षा घ्यावी. पेटीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, मध्यभागी आणि कोपऱ्यात तापमापक ठेवावा. उन्हाळ्यातल्या दिवशी, पण सावलीत, चोवीस तास पेटी चालवावी आणि दर दोन तासांनी तापमान वहीत नोंदवावे. बॅटरी किती तास पुरली तेही लिहावे. लसीचे तापमान २ ते ८ अंशांमध्ये राहिले पाहिजे. लक्षात असू द्या, लाळ्या-खुरकुतीसारख्या लसी गोठल्या तरी बिघडतात. म्हणून नियंत्रक नसलेली, सतत एकाच जोराने चालणारी पेटी लसीसाठी घेऊ नये, आणि लस गार पत्र्याला टेकवून ठेवू नये.

कोठे वापरावी, कोठे नको

थोड्या लसी, थोडी औषधे, प्रवासातली पेटी यांसाठी ही चकती उपयोगी आहे. गॅस नाही, हलणारा भाग म्हणाल तर फक्त पंखा, खड्ड्यांच्या रस्त्यावर बिघाड कमी.

दुधासाठी मात्र हिशेब बसत नाही. ४० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला सुमारे १.४ युनिट उष्णता काढावी लागते. २५ वॅट उष्णता उचलणारी चकती हे काम करायला ५६ तास घेईल, तोवर दुधाचे काय होईल ते तुम्हीच सांगा. वीजही अडीच-तीन युनिट जाईल. कॉम्प्रेसरच्या यंत्राला पाऊण युनिटच्या आसपास पुरते. भाजीपाल्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सांगितलेला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष कोरड्या हवेत अधिक परवडतो. रेतनासाठीचे गोठीत वीर्य तर उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रातच राहिले पाहिजे, तेथे ही चकती चालणार नाही.

थोडक्यात

पेटी सावलीत व हवेशीर जागी ठेवावी. गरम बाजूची जाळी दर आठवड्याला साफ करावी. पंखा बंद पडल्यास चकतीची वीज ताबडतोब तोडावी. झाकण वारंवार उघडू नये. वीज जाईल तेव्हासाठी आत गार पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वरची चोवीस तासांची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहावी. त्याच हवेत आतले तापमान दोन-तीन अंशांनी वाढलेले दिसले, तर प्रथम जाळी, पंखा आणि झाकणाचे रबर तपासावे. ते ठीक असतील तर चकती उतरली असे समजून ती बदलावी. नव्या चकतीला लागणारे पैसे एका वाया गेलेल्या लसीकरणापुढे काहीच नाहीत.

 ज्यांच्याकडे अशा पेट्या आहेत त्यांनी तापमानाच्या नोंदी घेऊन यावे, आपण बसून हिशेब करू.